कोपऱ्यातला गोळा

ही गोष्ट खरी आहे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, पण बायकोवर आहे. आणि तिने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या रविवारची भर दुपार. जेवणं आटोपली होती. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि तिच्या दादाच्या घरी, मागच्या खोलीत, दादा कॉम्प्युटरसमोर बसला होता.

माझी बायको माहेरी सगळ्यांत लहान, म्हणून तिथे सगळे तिला धाकटी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

दादाचा धंदा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पूर्वी टीव्हीला जोडायचे ना, तसले. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात. त्याच्या स्वतःकडेही तसा एक होता. रोज जेवल्यावर दादा आणि वहिनी त्यावर फुली-गोळा खेळायचे. फुली दादाची, गोळा वहिनीचा. हरेल त्याने भांडी घासायची.

वहिनी पहिला गोळा कायम खालच्या डाव्या कोपऱ्यात टाकायची. "मध्ये कशाला बसू? कोपऱ्यातून सगळं दिसतं," म्हणायची.

मागच्या वर्षी वहिनी गेली.

दादा रडला नाही. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर तसाच बसून राहायचा. कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "बरंय." दुपारी मात्र न चुकता खेळायला बसायचा. एकटाच.

एकदा धाकटीने दारातून पाहिलं. त्याने फुली टाकली. हात मांडीवर ठेवले. आणि वाट बघत बसला...

टिक.

एक बटण आपोआप खाली गेलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात गोळा उमटला.

"दादा... हे काय?"

"काही नाही गं. प्रोसेसर जुना झालाय. तापला की चुका करतो."

तो इतकं सहज म्हणाला की तिनेही मान डोलावली. घरी परतताना वाटेत तिच्या डोक्यात आलं, की प्रोसेसर तापला तर पडद्यावर चूक होईल. बटण कसं खाली जाईल?

पुढे तो प्रोसेसर कायमचा बंद पडला.

दादाचा एक दोस्त आहे, जुन्या चिपा गोळा करणारा. सगळे त्याला भंगारशेठ म्हणतात. तो म्हणाला, "थांब, अस्सल मिळतो का बघतो." पण दादाला दम निघेना. हल्ली एक कोरी चिप मिळते. आपण तिच्यात जशी रचना भरू, तसा प्रोसेसर ती होते. दादाने जुन्या प्रोसेसरचं, पूर्वीच मोजून ठेवलेलं सगळं वागणं तिच्यात उतरवलं आणि जुना काढून ती बसवली.

"वागते तशीच ना? मग अस्सल काय आणि नक्कल काय," दादा म्हणाला.

"अरे बाबा, तू जे मोजलंस तेच नकलेत आलं," भंगारशेठ म्हणाला. "बाकीचं जुन्यातच राहिलं." आणि मेलेला प्रोसेसर त्याने आपल्या डब्यात टाकला.

यंत्र झकास चालू झालं. दादाने फुली टाकली. वाट बघितली.

काहीच नाही...

खिडकीतलं ऊन भिंतीवर गेलं. तरी काही नाही. एकही चूक नाही.

संध्याकाळी त्याने धाकटीला फोन केला. सपाट आवाजात म्हणाला, "ती गेली गं."

मग त्याला एक सुचलं. चूकही उतरवायची. दुसऱ्याच्या पाळीला कुणी खेळलं नाही, तर एक खेळी आत येऊ द्यायची. कुठल्या घरात, ते त्याने भरलं नाही. ते वहिनीवर सोडलं.

भंगारशेठने कपाळावर हात मारला. "ती जागा रिकामी ठेवलीस तर काहीच येणार नाही. येणार कोण?"

पण आलं.

रविवारी दादाने धाकटीला तेच दाखवायला बसवलं होतं. त्याने वरच्या ओळीत फुली टाकली.

गोळा उमटला. बटण हललं नाही. टिक झाली नाही.

आणि गोळा होता बरोब्बर मधल्या घरात.

"रोज हे असंच," दादाचा चेहरा पडला. "ती असं नव्हती खेळत गं. खालच्या डाव्या कोपऱ्यात गोळा पडायचा. आणि ती टिक व्हायची, बटणाची..."

तो हे मोठ्याने बोलला. यंत्राच्या पुढ्यात बसून.

पडद्यावरचा डाव आपोआप पुसला गेला...

दादाने फुली टाकली.

खालच्या डाव्या कोपऱ्यात गोळा उमटला.

आणि मग...

टिक.

दादा रडला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच, हमसून हमसून. "आली गं," म्हणाला, "आली!"

धाकटीच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. वहिनीच्या वेळी आधी बटण खाली जायचं, मग गोळा यायचा. आत्ता आधी गोळा आला, मग टिक. दादा ज्या क्रमाने बोलला, त्याच क्रमाने.

कुणीतरी ऐकत होतं.

तिने सांगायला तोंड उघडलं... आणि मिटलं. सांगितलं असतं, तर ते त्या ऐकणाऱ्यालाही कळलं असतं. मग फरक ओळखायला काहीच उरलं नसतं.

"चांगलं झालं, दादा," एवढंच ती म्हणाली.

डाव दादा हरला. डोळे पुसत, हसत भांडी घासायला गेला. खोलीत धाकटी एकटीच राहिली. पडदा पुसला गेला, आणि रिकामी चौकट घेऊन तिच्या खेळीची वाट बघत राहिला.

ती तशीच उठून आमच्या घरी आली. दादा आता व्यवस्थित जेवतो म्हणे. फोनवर हसतो. ते यंत्र रात्रंदिवस चालू असतं.

भंगारशेठचं वाक्य मात्र तिच्या डोक्यातून जात नाही. बाकीचं जर जुन्यातच राहिलं असेल, तर वहिनी त्या डब्यात आहे. मग दादासोबत रोज खेळतंय कोण?

हे सगळं मी लिहायला तिने परवानगी दिली. अट एकच घातली. दादाच्या घरी कुणीही हे मोठ्याने वाचायचं नाही.