ओसरीवरचे बूट

विनिफ्रेड ॲशबीने पिशवी उलटी केली. थर्मास पडला, नकाशा पडला, अर्धं सँडविच पडलं. वही काही पडली नाही.

"सोमवारी सुनावणी आहे," ती म्हणाली. "वही नसेल तर वाट गेली."

त्या वहीत त्यांच्या पदभ्रमण क्लबच्या वीस वर्षांच्या सहलींच्या तारखा आणि सह्या होत्या. जुन्या पाणचक्कीच्या अंगणातून जाणारी पायवाट वहिवाटीची आहे, याचा तेवढाच पुरावा. पाणचक्कीचा नवा मालक नाव कळू न देता वकिलाच्या आडून बोलत होता. फाटकाला त्याने कुलूपही घातलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची विनिफ्रेड आज त्या फाटकावरून चढून जाणार होती.

क्लब जेवायला थांबला होता त्या डर्बीशायरमधल्या पबचा नियम कडक होता. चिखलाचे बूट आणि ओल्या पिशव्या ओसरीवर, माणसं आत मोज्यांवर.

क्लबमध्ये नोरा पेनफोल्ड होती. एरवी ती खासगी गुप्तहेर. सोबत तिचा मदतनीस बर्नी टगवेल, अंगाने दांडगा आणि डोक्याने सावकाश.

"जेवताना कोण कोण उठलं?" नोराने बाकीच्या सदस्यांना विचारलं.

"मी. मुलीला फोन करायला," डोरीन म्हणाली. "बूट चढवून पबच्या फाटकापर्यंत गेले. आत रेंज कुठे मिळते?"

"मी पाइप ओढायला. अंगणात, बूट घालून," ग्लिन गुरगुरला. "आणि खरं सांगू? त्या वहीपायी आम्ही कधी गरम जेवलो नाही. आधी सह्या, मग सूप!"

"मी इथल्याच बाथरूमला," क्लाइव्ह हसला. "माझे बूट ओढ्यात भिजले. मालकीणबाईंनी ते शेकोटीपाशी ठेवलेत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बाहेर जाईन कसा? मोजे बदललेत ते बघा, कोरडे ठणठणीत."

"नवं घर घेतलंस म्हणे," बर्नी म्हणाला. "चहाला बोलवत नाहीस, कुठे ते सांगतही नाहीस."

"खिडकीखाली ओढा आहे. बाकी शांतता. तू आलास की ती संपेल."

बर्नी बूट घालायला ओसरीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "नोरा, माझे पाय सुजले गं! बूट चढतच नाहीत."

"फीत सोड ना."

"फीत मी कधीच सोडत नाही. ढिलीच ठेवतो, टाचेने बूट काढतो आणि तसाच पाय घालतो."

नोरा ओसरीवर येऊन वाकली. फीत करकचून आवळली होती, वर दुहेरी गाठ.

"जेवताना तू बाहेर गेला होतास?"

"समोरचं जेवण सोडून? शेजारीच तर होतीस तू!"

नोरा अंगणात उतरली. थोड्या वेळाने परतली ती वही घेऊनच. वहीला दगडी भिंतीतलं शेवाळ लागलं होतं.

"बर्नीच्या बुटांचे ठसे भिंतीपर्यंत जाऊन परत आलेत," ती म्हणाली. "पण बर्नी माझ्या शेजारून हललाच नाही. म्हणजे त्या बुटांत पाय दुसऱ्याचे होते. बूट मोठे होते, म्हणून त्याने फीत आवळली."

"माझे बूट कशाला घालील कोणी?" बर्नी म्हणाला. "त्यांना वास येतो."

"नाइलाज असेल तरच. डोरीन आणि ग्लिन उघडपणे स्वतःच्या बुटांत बाहेर गेले होते. त्यांना दुसऱ्याचे कशाला हवेत? स्वतःचे बूट ज्याला उचलता येत नव्हते, असा एकच माणूस आहे. क्लाइव्ह, तुझे बूट शेकोटीपाशी होते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर."

क्लाइव्हचं हसू मावळलं.

"या वाटेवर खिडकीखाली ओढा असलेलं घर एकच. पाणचक्की. नवा मालक तूच आहेस."

"मला फक्त शांतता हवी होती," तो पुटपुटला. "रोज अंगणातून माणसं..."

विनिफ्रेडने वहीची पानं उलटली.

"अकरा वर्षांच्या सह्या आहेत तुझ्या. त्या अंगणातून सगळ्यात पुढे तूच चालायचास, क्लाइव्ह." तिने कोऱ्या पानावर आजची तारीख घातली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. "आजची राहिलीय."

क्लाइव्हने सही केली.

"छान," विनिफ्रेड म्हणाली. "आता शेकोटीपाशी जा, तुझे बूट वाळले असतील. अजून अडीच मैल आहेत, आणि फाटकाची किल्ली तुझ्याकडे आहे."