वाटेवरच्या माणसाचं पान

मिनोरी खोटं बोलणारी मुलगी नाही. अमिदा बुद्धाचं नाव घेतल्याशिवाय तोंडात घास न घालणारी ती. तिनं देवघरापुढे बसून जे सांगितलं, तेच इथे लिहिलं आहे. पदरचं काही नाही.

थायलंडच्या उत्तरेला, नानच्या डोंगराखाली हे घडलं. पावसाळा सरत आला होता. पौर्णिमा होऊन गेली होती. आणि वेळ होती दिवेलागणीची...

ओसाकाहून ते तिघं निघाले होते. मिनोरी, तिचा थोरला भाऊ तात्सुरो आणि त्याचा दोस्त शुन्सुके. थायलंडात उतरून घेतलेली एक जुनी व्हॅन, मागे गाद्या, एक शेगडी, आणि आईनं फडक्यात बांधून दिलेले झाकणाचे तीन लाकडी वाडगे. तात्सुरोला बोध हवा होता, बुद्धाला झाला तसा. त्यापायी त्यानं चांगली नोकरी सोडली होती.

"तुला बोध झाला की हाक मार," शुन्सुके म्हणायचा, "मी तोवर टायर बदलतो."

पण तात्सुरोला गळा होता हो! पहाटे तो अमिदाचं नाम गाऊन घ्यायचा, तेव्हा रस्त्यापलीकडच्या चहावाल्याचा हातही ओतता ओतता थबकायचा. ते नाम ऐकलं की मिनोरीचा दिवस उजाडायचा.

डोंगरावर एक जुना विहार होता. "पौर्णिमेला खाली येतो," असं सांगून तात्सुरो एकटाच चढून गेला.

पौर्णिमा झाली.

तो आला नाही.

मिनोरी मात्र घाबरली नाही. तिच्या घरची एक रीत होती. माणूस लांबच्या वाटेला गेला, की रोज त्याच्या नावानं पान वाढायचं. भात, गरम रस्सा, लोणच्याची फोड. वाटेत तो उपाशी राहू नये म्हणून. रश्श्याच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि जरा वेळानं उचलून बघायचं. झाकणाला आतून थेंब धरलेले असले, की आपलं माणूस सुखरूप. मग ते अन्न घरच्यांनीच संपवायचं.

आईनं फोनवर बजावलंही होतं, "त्या पानावर कुणाला बसवू नकोस गं. तो स्वतः आला तरी त्याला ताजं वाढ."

मिनोरी रोज संध्याकाळी झाकण उचलायची.

थेंब...

"अगं, गरम रश्श्यावर झाकण ठेवलं तर थेंब धरणारच!" शुन्सुके हसायचा. "यात बुद्ध कुठे आला?"

"तू काच पूस गाडीची. मोठा आलाय शास्त्रज्ञ."

विहारातल्या भंतेंनी ठेवून घेतलं असेल, असं ती म्हणायची. थेंब दिसत होते, म्हणून ती शोधायला गेली नाही.

मग ती संध्याकाळ आली.

तिनं पान वाढलं. वाडग्यावर झाकण ठेवलं. आणि...

रातकिडे थांबले.

सगळे. एकदम.

तिनं मान वर केली. व्हॅनच्या दाराशी तात्सुरो उभा होता.

"दादा!" ती रडली, हसली. "किती रे वाट बघायला लावलीस! बस, बस. तुझंच पान आहे."

आनंदाच्या भरात ती आईचे शब्द विसरली.

तो बसला. अधाशासारखा जेवला. मान वर न करता, शब्द न बोलता. शीत न् शीत वेचून खाल्लं.

शुन्सुकेचं लक्ष त्याच्या पायांकडे होतं. दिवसभर पाऊस पडला होता. डोंगराची वाट चिखलानं भरली होती...

पाय कोरडे होते.

सकाळी ते निघाले. तात्सुरो मागच्या सीटवर बसला होता. गप्प.

"बोध झालेला दिसतोय," शुन्सुके म्हणाला. "वाचाच गेली बिचाऱ्याची!"



मिनोरीला एकच गोष्ट सलत होती. पहाटे नाम ऐकू आलं नव्हतं.

"दादा, जरा गा ना. किती दिवसांत ऐकलं नाही."

आरशात तिला दिसलं. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. अमिदाचं नावच ते, ओठांवरून कळत होतं. पण आवाज...

टप...

टप...

खोल कपारीत पाणी गळावं तसा.

तिनं नजर वळवली. दिवसभर ती मागे बघू शकली नाही.

संध्याकाळी त्यांनी रस्त्याकडेला गाडी लावली. मिनोरीनं एकाच भांड्यातला उकळता रस्सा तिन्ही वाडग्यांत ओतला. तिन्हींवर झाकणं ठेवली.  

तिनं स्वतःचं झाकण उचललं. थेंब.

शुन्सुकेचं उचललं. थेंब.

मग तात्सुरोपुढचं...

रश्श्यातून वाफ निघत होती. झाकण आतून कोरडं ठाक होतं.

शुन्सुकेनं ते तिच्या हातातून घेतलं. बोट फिरवून पाहिलं. त्याच्या तोंडून विनोद निघाला नाही.

मिनोरीनं तात्सुरोकडे पाठ करून आपला वाडगा बाजूला सरकवला. हात जोडले. डोळे मिटून मनात म्हणाली, "हे माझ्या दादाचं. तो जिथे असेल तिथे." झाकण ठेवलं. थांबली. उचललं.

थेंब. एकाला एक चिकटलेले. घळाघळा ओघळणारे...

म्हणजे दादा जिवंत होता.

आणि इथे नव्हता.

मागून आवाज आला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"ते कोणासाठी वाढलंस, मिनोरी?"

आवाज दादाचाच होता.

ती उठली. "शुन्सुके, गाडी वळव," एवढंच म्हणाली.

दोघं पुढच्या सीटवर चढले. वाडगे तिथेच राहिले. मागचं दार उघडल्याचा आवाज झाला नाही, मिटल्याचाही नाही. पहिल्या वळणावर शुन्सुकेनं आरशात पाहिलं.

मागची सीट रिकामी होती.

"गेला..." तो पुटपुटला. रस्ताभर तोही अमिदाचं नाव घेत राहिला. ज्यानं कधी घेतलं नव्हतं, त्यानं.

उजाडता उजाडता ते विहारात पोचले. म्हातारे भंते चकित झाले. "तो तर पौर्णिमेच्या सकाळीच उतरला, पोरी."

भिक्खू आणि गावकरी रान पिंजू लागले. हाका मारून घसे बसले. उत्तर नाही. मिनोरी एका खडकावर मटकन बसली. आणि मग...

फार बारीक. जमिनीखालून आल्यासारखं.

नाम.

कुणीतरी गात होतं. सूर फाटलेला, श्वास तुटलेला, पण चाल तीच. त्या सुराच्या मागावर ते गेले. वेलींखाली एक खोल कपार होती. तळाशी तात्सुरो पडला होता. पाय मोडलेला. अंगावर कड्याचं पाणी टप टप गळत होतं.

तो जगला कसा, हे डॉक्टरांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोरानं वर काढल्यावर त्यानं बहिणीचा हात धरला.

"रोज संध्याकाळी जिभेवर आईच्या रश्श्याची चव यायची गं. पोट भरायचं. फक्त एक दिवस आली नाही... त्या रात्री वाटलं, संपलं."

कोणता दिवस, हे मिनोरीनं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

झोळीत घालून त्याला खाली आणलं. शुन्सुकेनं व्हॅनचं मागचं दार सताड उघडलं. सीट रिकामी होती. दोघांनी त्याला उचललं.

तात्सुरो आत बघत राहिला. जरा अवघडून हसला. अनोळखी माणसाकडे बघून हसावं, तसा.

"मिनोरी," तो हळूच म्हणाला, "यांना थोडं सरकायला सांग ना. माझा पाय लागेल."

आज तात्सुरो ओसाकाला घरी असतो. पाय थोडा ओढतो. पहाटे गातो, पूर्वीसारखंच गोड. त्याला बोध झाला का, हे कुणी विचारत नाही. फक्त तो कुठेही बसला, बाकावर, गाडीत, जेवायला, की एका कडेला सरकून बसतो...

शेजारी एका माणसाची जागा सोडून.

त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मिनोरी मात्र त्या बाजूनं कधी जात नाही.