ओल्या कागदावरची सही

माझ्या सहीत एक भेग आहे. 'मिस्किटा'तल्या 'ट'चा गोल पुरा होण्याच्या जरासा आधी टाक कागदावरून उठतो आणि केसाएवढी जागा कोरी राहते. कॉलेजच्या रसायनशाळेत माझ्या तर्जनीवर तेजाबाचा थेंब पडला होता. तेव्हापासून त्या वळणावर त्या बोटाला टाकाचा दाब कळत नाही. ही भेग मला ठाऊक होती. दुसऱ्या कोणाला सांगावी इतकी ती महत्त्वाची नव्हती.

विश्रामशेटच्या शिळाप्रेसमध्ये मी पहिल्यांदा आत पाऊल टाकले, त्या सकाळी मेजावर मांडलेल्या नोटांवर मला तीच भेग दिसली. प्रत्येक नोटेवर.

टेंभी नाक्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याला ही लांबट कौलारू इमारत होती. बाहेर खारट वारा, आत जवसाच्या तेलाचा आणि भिजलेल्या कागदाचा वास. माझा धाकटा भाऊ लिनो तिथे छपाईच्या दगडावर चित्रे काढायचा. एका लहान संस्थानाच्या नोटा छापायचे काम शेटांनी मिळवले होते. त्या नोटा संस्थानाच्या हद्दीतच चालायच्या. नोटेवर सहीसाठी दोन ओळी होत्या. उजवीकडची संस्थानाच्या खजिनदाराची, ती सही तिकडे गेल्यावर व्हायची. डावीकडची प्रेसच्या तपासनीसाची. शाई आणि कागद तपासून त्याने हाताने सही करायची.

हे काम करणारे हरिहरपंत चैत्रात वारले. शेटांनी ती जागा मला देऊ केली, कारण रसायनशाळा आतून पाहिलेले माणूस ठाण्यात दुसरे नव्हते. मी म्हटले, विचार करून सांगते. विचार आश्विनापर्यंत लांबला. कामाची भीती नव्हती. पण एका बाईच्या सहीमुळे लोकांनी नोट नाकारली तर काम शेटांच्या हातून जाईल, आणि लिनोचेही, असे मनात यायचे आणि मी पुन्हा गप्प बसायची.

आणि आता शेटांनी निरोप धाडून शाई तपासायला बोलावले, तर माझी सही माझ्याआधी तिथे पोचली होती.

"ही कोणाची, बाई?" मेजामागून दौलतरावांनी विचारले. हे संस्थानाचे कारभारी. नोटा न्यायला कल्याणहून सकाळच्या गाडीने आले होते.

"माझी आहे. पण मी केलेली नाही."

"म्हणजे भात शिजलाय, चूल मात्र पेटवली नाही." त्यांनी नोट खाली टाकली. "ऐका. संध्याकाळच्या गाडीने मी परत जाणार. नोटा चोख मिळाल्या तर त्या घेऊन. नाहीतर तुमच्या या चित्रकाराला फौजदाराच्या हवाली करून. नोटेवर खोटी सही म्हणजे किती वर्षं, ते त्याला समजावून सांगा."

लिनोने काळे हात पाठीमागे लपवले. "बाय, मी नाय केलं. दगडावर काहीच नाय. तू बघ ना."

मी पाहिले. दगडावर सगळे उलटे होते, राजचिन्ह, अक्षरे, वेलबुट्टी. डावी ओळ मात्र रिकामी होती. मी ओला बोळा फिरवला, वरून शाईचा चामडी रूळ फिरवला. रेघांनी शाई धरली, त्या रिकाम्या जागेने धरली नाही.

"पुसली असेल," दौलतराव म्हणाले.

मी पिशवीतून ऑक्झॅलिक आम्लाची बाटली काढली. काचेच्या कांडीने एक थेंब सहीवर सोडला, एक राजचिन्हावर. चिन्ह होते तसेच राहिले. सही आधी तपकिरी झाली, मग पिवळी, मग नाहीशी झाली.

"छापाची शाई काजळाची असते," मी म्हटले. "तिला हे आम्ल काही करत नाही. ही उडाली. ही हिराकसाची, लिहायची शाई आहे. दगडातून आलेली नाही."

"मग टाकाने लिहिली. बहिणीची सही भावाला जमायची नाही तर कोणाला?"

मी लिनोला माझी सही काढायला सांगितली. त्याने काढली, माझ्याहून सुंदर. 'ट'चा गोल पुरा होता. मी भिंग दौलतरावांच्या हाती दिले आणि भेग दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिले. पटल्याचे तोंडावर दिसले.

मी मात्र आणखी एक गोष्ट पाहिली होती. छापायचा कागद आधी भिजवतात, मग फळीखाली दाबून ठेवतात. ओल्या कागदावर लिहायची शाई फुटते, तिला मुळ्या फुटतात. नोटा अजून ओल्याच होत्या, पण या सहीची कडा धारदार होती; म्हणजे ती कागद भिजल्यावर लिहिलेली नव्हती.

"कागद कोणी भिजवला?" मी विचारले.

लिनोने शेटांकडे पाहिले, शेटांनी छताकडे. बोलला महिपत, दाबयंत्राचा दांडा ओढणारा.

"पंतांचा दंडक होता, बाई. तपासनीसाची खुर्ची रिकामी असली की कागदाला पाणी दाखवायचं नाही. एकदा ते तापाने पडलेले, तर आम्ही सगळे हात बांधून बसलेलो. पहिलं पाणी तेच शिंपडायचे."

"का?"

"ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पगार चालू होता."

"घाई होती," शेट हळूच म्हणाले. "दरबाराची पत्रांवर पत्रं येत होती. मी म्हटलं, सुझानाबाई येणारच आहेत. भिजव लिनो, त्यांच्या भरवशावर."

"मी तसंच म्हटलं, बाय," लिनो म्हणाला. "पाणी शिंपडताना. आमची बाय येईल, तिच्यासाठी, असं. उगाच, गमतीने."

महिपतने भिजवलेल्या गठ्ठ्याकडे वळून पाहिले.

"दंडक राहू द्या," दौलतराव म्हणाले. "दरबाराने अधिकार दिलेल्या माणसाची सही असती, तर ती सुक्या कागदावर झाली की ओल्या, मला काय पडलं होतं?"

"माणूस नेमायचा अधिकार माझा आहे," शेट म्हणाले. "मी केव्हाच नेमलाय. त्यांनी हो म्हणायचं राहिलंय."

"बाईच्या सहीची नोट? बाजारात घेईल का कोणी?"

"राणीच्या तोंडाचा रुपया घेतात की, साहेब," महिपत दांडा पुसत म्हणाला. "परत कोणी केलेला ऐकला नाही."

दौलतरावांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "मला डोळ्यांसमोर छापून दाखवा. कागद मी निवडणार. आणि हा चित्रकार तिकडे अंगणात उभा राहील."

लिनो अंगणात गेला, विहिरीजवळ उन्हात. तिथून तो मला दिसत होता आणि त्याचे दोन्ही हातही.

भिजवलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्या कमरेएवढा होता. आतापर्यंतच्या नोटा वरच्या थोड्या कागदांवर छापल्या होत्या. दौलतरावांनी मुद्दाम मधला कागद उपसला. तो कोरा होता. त्यांनी तो उजेडाला धरला, उलटा करून पाहिला, एका कोपऱ्यावर अंगठीची खूण दाबली. महिपतने दगडावर बोळा फिरवला, रूळ फिरवला, कागद ठेवला, दांडा ओढला. कागद उचलताना नेहमीसारखा चर्र आवाज झाला.

सही आली होती.

पण अक्षरे मोठी झाली होती. ओळ उजवीकडे उतरत गेली होती. 'स'ची मान वाकडी होती, कान्याला कंप होता. आमची आजी शेवटी शेवटी पेजेचा चमचा धरायची, तसा कोणीतरी टाक धरला होता. 'ट'मधली भेग मात्र जागच्या जागी होती.

"ही बिघडली," दौलतराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "दुसरा घ्या. खालचा."

महिपतने गठ्ठ्याच्या तळाजवळून कागद काढला. बोळा, रूळ, दांडा.

या वेळी डाव्या ओळीवर फक्त एक ठिपका होता. टाक टेकला होता आणि तिथून पुढे सरकला नव्हता.

मी भिंग लावले. ठिपक्याभोवती शाई थोडी जास्त साचली होती. टाक बराच वेळ तिथेच असावा.

"आणखी खालचा," मी म्हटले.

तो कोरा निघाला. त्याखालचाही. राजचिन्ह स्पष्ट, वेलबुट्टी स्पष्ट, डावी ओळ स्वच्छ.

दौलतराव मोकळेपणाने हसले. "पाहिलंत? मी उभा राहिलो की लबाडी पळाली. हे तळचे चांगले आहेत, तेवढे घेतो. वरचे जाळून टाका. आणि पोराला बोलवा आत, फौजदाराकडे जायचंय. कशी केली ते तिथे सांगेल."

मी लिनोकडे पाहिले. तो विहिरीच्या काठाला टेकला होता, ऊन चुकवायचेही त्याला सुचले नव्हते. माझे आम्ल, माझे भिंग, सगळे खरे ठरले होते आणि त्याला वाचवायला पुरेसे नव्हते. सही खोटी होती तोवर तो गुन्हेगार होता. ती खरी करू शकणारे माणूस एकच होते.

मी गठ्ठ्यावर हात ठेवला. कागद गार होता. वरून खाली बोटे नेली, छापून झालेल्या नोटा जिथे संपल्या तिथून, कंपाची सही जिथून आली तिथपर्यंत, मग आणखी खाली, ठिपक्यापर्यंत.

कागद पातळ होता. गठ्ठा जाड होता.

कंपाची सही माझ्या म्हातारपणाची होती, ठिपका शेवटच्या दिवसाचा; मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. एवढ्या वर्षांचे काम इथे माझ्यासाठी भिजवून ठेवलेले होते, आणि हाताने शेवटपर्यंत टाक सोडला नव्हता.

मी पंतांची खुर्ची ओढली. तिच्यावर चैत्रापासूनची धूळ असायला हवी होती. ती नव्हती. बैठक किंचित उबदार होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

मी बसले. खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते. महिपतने डोक्यावरचे फडके काढून हातात घेतले.

"विश्रामशेट," मी म्हटले, "तपासनीसाची जागा मी घेते. या सगळ्या सह्या माझ्या आहेत."