मागच्या खोलीतला नळ

मे महिन्यात दिग्रसला भर दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, कूलरमध्ये पाणी ओतायचं आणि ऊन उतरेपर्यंत पडून राहायचं. त्या दिवशीही सुरभीनं कूलर भरला, ओले हात तोंडावरून फिरवले आणि आईसाठी माठातलं पाणी घेऊन ती मागच्या खोलीत गेली.

या घराची सगळी भानगड त्या खोलीत होती. दिवाळीनंतर त्यांनी हे घर बाबारावांकडून विकत घेतलं, तेव्हा तिथल्या भिंतींवर कोरी पुट्टी आणि फिकट हिरवा रंग होता. संक्रांतीला पुट्टीला फोड आले. होळीपर्यंत पापुद्रे गळून आतली काळपट ओल वर चढली. आता गल्लीतल्या बोअर आटल्या होत्या, पण ही भिंत हाताला भिजलेल्या पोत्यासारखी लागायची. शेवाळाचा वास यायचा.

सुरभीचे बाबा गोपाल एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ते बाबारावांच्या नव्या घरी कितीतरी खेपा घालून आले. एकदा सुरभीही सोबत होती. बाबारावांनी चहा पाजला, बायकोचा, म्हणजे कौसल्याबाईंचा, जुनाट दमा नव्या घरात आल्यापासून कसा पळाला ते कौतुकानं सांगितलं. ओलीचा विषय निघाला तेव्हा ते हसून म्हणाले, "गोपालभाऊ, घर काय मी चादर टाकून इकलं होतं? दिवसाउजेडी पाहून घेतलं तुमी."

"आन थो कोपऱ्यातला पाइप कायचा हाये, बाबारावजी?"

"जुना नळ हाये. कायी नाही."

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात फरशीतून वीतभर वर आलेला तो लोखंडी पाइप होता. सुरभी बोलायची कमी आणि बघायची जास्त. एकदा तिनं वातीचा कापूस पिंजून त्याची लड पाइपच्या कडेला चिकटवली होती. लड आत ओढली गेली, जरा थांबली, मग बाहेर आली. पुन्हा आत. पंखा बंद, कूलर बंद. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

गेल्या आठवड्यात बाबांनी मिस्त्री बोलावून पाइप फरशीच्या बरोबरीनं कापला, त्याचं तोंड सिमेंटनं लिंपलं आणि वर नवी फरशी बसवली. ओल तिथूनच येत असणार, अशी त्यांची खात्री होती. त्या दिवसापासून दारं घट्ट बसायला लागली. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, दारं खुळखुळतात. या घराची मात्र फुगत होती. आणि आई सारखी जांभया देत होती. पुरता श्वासच येत नाही, म्हणायची. तरी थंडावा म्हणून दुपारची झोपायची मागच्याच खोलीत.

सुरभीनं पाण्याचा तांब्या पलंगाजवळ ठेवला आणि तिच्या पाठीमागं दार लागलं. आपटलं नाही. कुणी ओठ मिटावेत तसं हळूच मिटलं.

तिनं कडी धरून ओढली. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं. चौकट आणि दार यांच्यात नखाएवढीही फट उरली नव्हती.

"आई..."

आईचं तोंड उघडं होतं. छाती जराशी वर यायची, अर्ध्यातच अडायची. ओठ निळसर दिसत होते. सुरभीनं तिला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. पापणीही हलली नाही. वरच्या लहानशा खिडकीची काच आतून घामेजली होती आणि हवा अशी जड झाली होती की ती गिळावी लागत होती. सुरभी ओरडली. तिला स्वतःचाच आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा ऐकू आला. बाहेर घरोघरचे कूलर घरघरत होते. ऐकणार कोण?

उशीजवळ आईचा मोबाइल होता. बाबांचा फोन वाजत राहिला. ते एखाद्या बसखाली असणार. त्याच्याखालीच बाबारावांचा नंबर होता. मोठ्या माणसांशी बोलताना जिची जीभ टाळूला चिकटायची, तिनं तो नंबर लावला.

"काका... मी सुरभी. गोपाल मेकॅनिकची."

ते लगेच सुरू झाले. ओलीचं त्यांनी एकदा सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा फोन कायले करता...

"आम्ही पाइप बुजवला, काका."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कवा?"

"मागच्या आठवड्यात. दार उघडून नाही राह्यलं... आई उठून नाही राह्यली..."

"पोरी, थो नळ नाही. खाली इहीर हाये." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "इहीर बुजवली का तिले श्वासाले वाट ठेवा लागते. फोड थे फरशी. हाती येईन त्यानं फोड."

"तुम्ही सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं घेतलं असतं काय तुमी घर?"

पलंगाखाली जुना पाटा-वरवंटा होता. सुरभीनं वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि कोपऱ्यातल्या फरशीवर घातला. फरशी तडकली. पुन्हा घातला. बोटं सोलली, डोळ्यांपुढं काजवे चमकले. शेवटी सिमेंटचा गोळा खाली निसटला. तो पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

मग खालून हवा ओढली गेली. लांबलचक, घोगरी. सुरभीची वेणी त्या तोंडाकडे ताणली गेली. क्षणभर सगळं थांबलं, आणि ओला, गार उच्छ्वास तिच्या तोंडावर आला. मागं दार कुरकुरत उघडलं. आई खोकत उठून बसली.

बाबांनी तिथं पुन्हा वीतभर पाइप बसवला. बाबारावांनी घर परत घ्यायला हात जोडून नकार दिला. तुमीबी गिऱ्हाईक पाहा, कौसल्या तशीच सुटली, एवढंच म्हणाले. आई चार दिवस मोकळं वाटावं म्हणून नेरला मामांकडे गेली आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या बसनं परत आली. तिथं दम कोंडत होता. दिग्रसच्या स्टँडवर उतरल्यावर सैल झाला. सुरभीनं पाइपला पुन्हा कापसाची लड लावली, आणि आईकडे बघत बसली. आई श्वास घ्यायची तेव्हा लड आत जायची. आई सोडायची तेव्हा बाहेर.

जूनच्या तोंडावर ढाणकीचे डोंगरसिंग आणि त्यांची बायको चंदाबाई घर बघायला आले. भिंतींना नवी पुट्टी होती. चंदाबाईला मागच्या खोलीतला गारवा फार आवडला. ती पलंगावर आईशेजारी ऐसपैस बसली आणि तिनं विचारलं, "हा पाइप कायचा व बाई?"

आईनं बाबांकडे पाहिलं. आयुष्यभर बिघाड आधी सांगणारे बाबा भिंतीच्या नव्या पुट्टीवरून हात फिरवत राहिले. आईच्या कपाळावर घाम आला होता. लड तिच्यासोबत आत-बाहेर होत होती.

"जुना नळ आहे," सुरभी म्हणाली. स्पष्ट, न अडखळता. "काही नाही."

लड थांबली.

आईनं छाती भरून श्वास घेतला, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच. ती हसली. लड जागची हलली नाही. मग ती पुन्हा चालू झाली, पण आता तिची लय वेगळी होती, भरभर. सुरभीनं भीत भीत चंदाबाईच्या छातीकडे पाहिलं. ती संथ श्वास घेत होती. तिचा श्वास लडीशी जुळत नव्हता.

सुरभीनं हळूच आपला श्वास रोखून धरला.

लडही थांबली.