पानं किती?

"पानं किती गं?"

आत्याचा आवाज स्वयंपाकघरातून यायचा, फोडणीच्या चर्रर आवाजावर मात करून. घर माणसांनी गजबजलेलं. कोण बाहेर जेवून आलंय, कोण उशिरा येणार, कोण रुसून पडलंय, हे ध्यानात धरून जेवणारी माणसं मोजायचं काम माझं. मी उंबऱ्यात उभी राहून बोटांवर मोजायची आणि ओरडायची, "सात!"

आत्या सात ताटं मांडायची. सगळे बसायचे... आणि मी उभीच!

"अगं भवाने, स्वतःला कोण मोजणार?" आत्या हसायची, आणि आठवं ताट घेता घेता जागच्या जागी जुळवून म्हणायची –

साऱ्यांची मोजली पानं, उंबऱ्यात उभी राहून
मोजणारीच गं उपाशी, स्वतःला विसरून!

घरभर हसू पिकायचं. मी फुरंगटून जेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साताचं सातच सांगायची.

मोठी झाले आणि मोजणं हेच माझं काम झालं. घरात किती शिजतं, किती टाकलं जातं, किती वीज, किती गॅस, किती पाणी लागतं, यावर मी विद्यापीठात संशोधन करत होते. माझ्या वाट्याला प्रकरण आलं होतं ते एकट्या माणसांच्या घरांचं. कोणालाही विचारा, "आमच्याकडे काही वाया जात नाही हो!" माणसं लबाड नसतात, फक्त स्वतःबद्दल त्यांचं मत बरं असतं. म्हणून मी डब्यांखाली रोजची नोंद आपोआप ठेवणारे छोटे वजनकाटे ठेवायची, विजेला मीटर लावायची, आणि आठवड्यातून एकदा जाऊन खरकट्याची बादली तोलायची. काटा कोणाची भीड धरत नाही.

त्या दिवशी यादीतल्या घराला कुलूप होतं. असं झालं तर शेजारचं दार वाजवायचं, असा नियम. मी वाजवलं.

दार उघडलं. दातांत दोरा, कोपराला काहीतरी पांढरं चिकटलेलं, आणि कपाळावर आलेले केस मनगटाने मागे सारणारा एक माणूस.

"नमस्कार," मी सवयीने विचारलं. "पानं किती?"

त्याने दोरा दातांतून सोडवला. "एकशे ब्याण्णव. शेवटची चार वाळवीने खाल्लीत. ती धरून सांगू की सोडून?"

त्याच्या खांद्यामागे मला खोली दिसली. जमिनीपासून छतापर्यंत उसवलेली, फाटलेली, पुठ्ठे निखळलेली पुस्तकं. बाइंडर होता तो.

"वाळवीला सोडा," मी म्हणाले. "मी जेवणारी पानं विचारतेय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर लटकणाऱ्या वजनकाट्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे – जरा जास्तच वेळ.

"जेवणारी होय... मग एक. तेही आळशी."

झालं. घर अभ्यासात आलं. आणि दर गुरुवारी दुपारी मी त्या घरात जायला लागले.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा. मैद्याचा डबा तळाला गेलेला!

"एकटा माणूस एवढा मैदा खातो?"

"मी कुठे खातो? पुस्तकं खातात." त्याने शेगडीवरचं पातेलं पुढे केलं. आत पांढरी, दाट, वाफाळणारी खळ. "मैदा आणि पाणी, मंद आचेवर. घाई केली की गुठळ्या होतात. करून बघा, मोजणीबाई."

"मला मोजणीबाई म्हणू नका."

"बरं, मोजणीताई."

"बाईच बरं!" मी घाईने म्हणाले, आणि तो मान खाली घालून हसला. मला हसू आवरताना ओठ चावावे लागले.

आता तो मैदा अन्नात धरायचा की कामाच्या सामानात? शेवटी मी वेगळा रकानाच केला – 'पुस्तकांनी खाल्लेलं'. आमच्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, यांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवारी मी गेले की खिडकीजवळचं स्टूल पुसून ठेवलेलं असायचं. तो पानं शिवत बसायचा. टोच्याने भोक, त्यातून दोरा, दोऱ्याला हलकी ओढ. त्याची बोटं इतकी निवांत चालायची की माझी बादली तोलून झाली तरी मी काटा बंद करायला विसरायची.

"चहा?"

"ज्या घरात मोजायचं तिथे खायचं-प्यायचं नाही. नियम आहे."

"पाणी?"

"तेही मोजतोय ना आपण."

"आणि हसलेलं चालतं?" त्याने सुईत दोरा ओवता ओवता, वर न बघता विचारलं. "त्याला माप नाही ना अजून?"

माप नव्हतं, हे खरं. म्हणून तर मी बिनधास्त हसत होते!

मग तक्ते काढायची वेळ आली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण, जिला आम्ही सगळे चिमटी म्हणायचो, माझ्या पडद्यात डोकावली.

"अय्या! तुझ्या बाइंडरकडे गुरुवारी कोणीतरी येतं बरं का."

"काहीतरीच."

"बघ ना. एरवी अंघोळ गार पाण्याने, गुरुवारी गीझर. एरवी इस्त्रीचं नाव नाही, गुरुवारी इस्त्री. आणि हे बघ... गुरुवारी तांदूळ दुप्पट घेतलाय. दोघांचा भात आहे हा!" तिने डोळे मिचकावले. "पानं एक सांगतो ना? लबाड आहे."

"शास्त्रीय दृष्टीने," मी ताठ बसून म्हणाले, "ही नोंद तपासावी लागेल."

"शास्त्रीय दृष्टीने तुझे कान लाल झालेत," चिमटी म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मी स्टुलावर बसले नाही. उभ्यानेच, अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "गुरुवारी तुमच्याकडे कोणी येतं का?"

सुई त्याच्या बोटात घुसली. बोट तोंडात धरून तो म्हणाला, "...येतं."

"जेवायला?"

"थांबत नाही कधी."

"तुम्ही शिजवून ठेवता, आणि ती थांबत नाही?"

"तिची मर्जी."

"मग मी पानं किती लिहू?"

शेगडीवर खळ बुडबुडत होती. "एकच लिहा. ती थांबली, तर सांगेन."

मी जिना उतरले तो दाणदाण पाय आपटत. कोण ही शेफारलेली बया? एवढा इस्त्रीचा शर्ट घालून माणूस भात रांधतो, आणि ही तोंड फिरवून जाते? एका अनोळखी बाईवर मी भांडायच्या तयारीनिशी चिडले होते, आणि भांडणात मी त्याच्या बाजूने होते!

तक्ता घेऊन मी बाईंकडे गेले. "हे घर एकट्याचं धरता येणार नाही. गुरुवारी कोणीतरी येतं."

बाईंनी तक्ता पाहिला. मग चष्मा काढून पुसला. मग हसायलाच लागल्या.

"अगं शहाणे, गुरुवारी त्या घरी कोण जातं?"

"तेच तर शोधायचंय..."

"कोण जातं?"

कुठूनतरी फोडणीचा चर्रर आवाज आला, आणि एक ओळखीचं हसू. अगं भवाने...

"मी," मी म्हणाले.

"मोजणारीच मापात सापडली!" बाईंनी डोळे पुसले. मग त्या गंभीर झाल्या. "आता ऐक. हे घर ठेवायचं, तर तुझं पाऊल तिथे पडता कामा नये. शेवटपर्यंत चिमटी जाईल. नाहीतर घर वगळ. पण मग त्याच्या जागी दुसरं घर शोधून सगळं पहिल्यापासून मोजायचं. प्रकरण लांबेल, पदवीही लांबेल. नीट विचार कर."

"केला."

"इतक्यात?"

"घर वगळते, बाई."

"आणि तो नुसताच टापटिपीचा माणूस निघाला तर? गुरुवार गुरुवार स्वच्छता पाळणारा?"

"तर पदवी लांबेल," मी म्हणाले, "पण प्रश्न विचारल्याशिवाय मी सोडणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

मी मंगळवारी गेले. आभाळ भरून आलेलं, बारीक भुरभुर चाललेली. दार उघडलं आणि त्याने आ वासला. चुरगळलेला सदरा, केसांत कागदाचा भुसा, गालावर खळीचा पांढरा फराटा.

"आज? पण आज तर मंगळवार!"

"माहीत आहे."

त्याने घाईने केसांवरून हात फिरवला; तोही खळीचाच होता. केस उभे राहिले. गुरुवारच्या इस्त्रीतला माणूस मला आवडला होता, पण हा मंगळवारचा... याच्यापुढे तो काहीच नव्हता.

"तुमचं घर अभ्यासातून वगळलंय," मी म्हणाले. "काटे आणि मीटर न्यायला आलेय."

त्याचा हात केसांतच थांबला. "म्हणजे... आता येणार नाही तुम्ही?" मग हळूच, "माझं काही चुकलं?"

"चुकलं. तांदूळ दोघांचा घेता आणि पानं एक सांगता."

भुरभुर खिडकीवर वाजत राहिली. त्याने जवळच्या पुस्तकाचा कणा बोटाने चाचपला, तुटलाय का पाहावं तसा.

"काय सांगणार? तिचे नियम असतात. ती चहाही घेत नाही. पण वाटायचं, एखाद्या गुरुवारी नियम विसरली, तर भात कमी पडायला नको."

"आणि मग त्या भाताचं काय व्हायचं? बादलीत तर कधी सापडला नाही."

"शुक्रवारी परतून खायचो." तो कसनुसा हसला. "दोघांचं... एकटा."

मी तांदळाच्या डब्याखालचा काटा काढला, बंद केला, पिशवीत टाकला. मग मीटर. मग पिशवी दाराशी ठेवली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर येऊन बसले. आज ते पुसलेलं नव्हतं.

"झालं," मी म्हणाले. "आता इथे कोणी काही मोजत नाही. नियमही गेले पिशवीत."

तो क्षणभर बघत राहिला. मग स्वयंपाकघरात गेला. नळ सुटला. तांदूळ धुतल्याचा आवाज आला. शेगडी पेटली. फोडणी चर्ररली, आणि त्या आवाजावर मात करून त्याची हाक आली –

"मोजणीबाई! पानं किती घ्यायची?"

मी उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. तो पाठमोरा होता. हातातला झारा मध्येच थांबला होता.

"आजची विचारत नाहीये मी," तो वळला नाही, पण त्याचा आवाज वळला. "रोजची विचारतोय. गुरुवार धरून, मंगळवार धरून... सगळेच वार."

मी बोटांवर मोजायला घेतलं. एक तो. आणि या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, मी मोजताना थांबले नाही.

"दोन," मी म्हणाले. "मला धरून."