बिनविरोध

हैदराबादची गाडी चौसाळ्याला चहापाण्यासाठी थांबली होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. शिवानी चहा पिऊन परत चढली, तर तिच्या खिडकीशी एक पोरगा ऐसपैस बसलेला!

"उठा. ही जागा माझी हाय."

"नाव लिहिलंय का?"

"गेवराईपासून मीच बसलेय. तुमी आत्ता चढलात... कावून उगं हुज्जत घालता?"

पोरानं वर पाहिलं, हसला आणि मुकाट्यानं सरकला. सोलापूर यायच्या आत कळलं की दोघं एकाच नामांकित विद्यापीठात निघालेत. ती उमापूरच्या किराणा दुकानदाराची, मन्मथप्पांची लेक. तो अंगद. तेलगावजवळच्या त्याच्या गावात आई सरपंच आणि गावकारभार आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या हातात.

विद्यापीठ मोठं झोकदार. दिवसभर इंग्रजी बोलून जीभ दमली की दोघं कँटीनमागच्या कट्ट्यावर यायचे आणि मनसोक्त आपली बोली बोलायचे. तिथंच कधीतरी 'तुमी'चं 'तू' झालं. कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं!

तिथं मुलींच्या वसतिगृहाला नऊला कुलूप लागे. मुलं मात्र रात्रभर लायब्ररीत. शिवानीचं डोकंच फिरलं.

"मी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाला उभी राहते. हे कुलूप काढायचंच."

"आजवर एक बी मुलगी अध्यक्ष झाली न्हाई इथं."

"म्हणूनच."

"मग प्रचार माझ्याकडं," अंगद म्हणाला. "निवडून आलीस तर काय देशील?"

"दम. दुसरं काय!"

तो खदखदून हसला. त्याच्या गालावर पोस्टरची खळ लागली होती. तिनं ओढणीच्या टोकानं ती पुसली आणि हात मागे घ्यायला... अंमळ उशीरच केला. समोर उमेदवार होता विजयसिंह, त्यांच्याच जिल्ह्यातला, मोठ्या घरचा. पण शिवानीला आता कुणाचीच भीती वाटत नव्हती.

दिवाळीच्या सुटीत अंगदनं तिला घरी बोलावलं. "आईला भेट एकदा." बाई गं! त्याच्या घरचे लिंगायताची पोरगी म्हणून नाक मुरडतील का, याचीच तिला धास्ती. आडवं आलं ते भलतंच.

अंगदच्या आईनं, तुळजाबाईंनी, फराळाचं ताट पुढं ठेवलं.

"काकू, तुमी किती मतांनी आलात?" शिवानीनं कौतुकानं विचारलं.

"बिनविरोध आले, पोरी. बैठकीत ठरलं सगळं. मी भाकरी थापत होते. गुलाल घेऊन माणसं आली तवा मला कळलं." तुळजाबाई हसल्या, आणि हसता हसता ताटातली करंजी उगीच इकडची तिकडं करू लागल्या.

अंगद तिला घरामागच्या कपाशीच्या रानात घेऊन गेला. त्याचा चेहरा नुसता फुललेला.

"तुला एक भेट द्यायचीय. विजयसिंह अर्ज मागं घेतोय. तू बिनविरोध!"

"फुकटात घेतोय?"

"तो... कुलपाचा विषय तेवढा यंदा काढायचा न्हाई. आप्पांनी त्याच्या काकाला शब्द दिलाय."

"मला विचारलंस?"

"तुझ्यासाठीच केलं ना सगळं! मला तू लई आवडतेस, शिवानी. तू हरलेली मला बघवणार न्हाई."

ज्या शब्दांची इतके दिवस वाट पाहिली, ते आले तेही असे! तिचे डोळे भरले.

"मला बी तू आवडतोस. लई. म्हणून एकच मागते. विजयसिंहला फोन लाव. सांग, ठरलं ते मोडलं. शिवानी लढणार हाय."

अंगदनं फोन काढला. घराच्या बैठकीतून आप्पांचं हसणं ऐकू आलं. त्यानं तिकडं पाहिलं आणि फोन परत खिशात टाकला.

"आप्पांचा शब्द हाय गं... कसा मोडू?"

तिनं स्वतःच फोन लावला. "विजयसिंह, अर्ज ठेव. मी लढतेय." मग घरात येऊन पिशवी उचलली. तुळजाबाईंनी दारात तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि मागं वळून बैठकीकडं पाहत हळूच म्हणाल्या, "लढ गं माय."

शिवानी लढली, अंगदशिवाय. मुलींच्या खोल्याखोल्यांतून फिरली, घसा बसेपर्यंत बोलली. आणि पडली. मोजणीनंतर मैत्रिणी गळ्यात पडून रडत होत्या. अंगद व्हरांड्यात एकटाच उभा होता. ती जवळून जाऊ लागली तसा तो घाईनं म्हणाला,

"मत मी तुलाच दिलं, शिवानी."

"ठाऊक हाय मला." ती थांबली. डोळे पुसलेही नाहीत. "पण मला तुझं मत नको होतं रे, अंगद... मला तू पायजे होतास."

तो काहीतरी बोलणार होता. पण तोवर मुलींनी तिला हाक मारली आणि ती गेली.