उलट्या घरात धरलेला हात

आम्हाला परदेश दाखवला तो रंगाच्या दुकानदाराने. त्याच्याकडून बारा महिने माल उचलणाऱ्या रंगाऱ्यांना तो दरवर्षी काहीतरी देतो. आजवर आम्हाला भिंतीवरची घड्याळं मिळाली, कुकर मिळाले, एकदा छत्र्या मिळाल्या. त्या छत्र्यांवर दुकानाचं नाव एवढं मोठं होतं की रस्त्याने चालताना आम्हीच दुकान वाटायचो. यंदा मात्र गड्याने थेट विमानाची तिकिटं हातात ठेवली. पूर्वेकडचा समुद्र, गरम हवा, आठवडाभर मजा.

जाणारे आम्ही तिघं. मी कामं घेतो आणि भिंती रंगवतो. दुसरा उंट. हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण त्याची मान बघितली की कोणीही हेच ठेवील. त्याच्या लग्नपत्रिकेतसुद्धा कंसात हेच छापलं होतं. तिसरा उंटाचा मेहुणा. तो लाकडाला पॉलिश करतो आणि उरलेला वेळ फोनमध्ये डोकं घालून बसतो.

उंटाची खासियत म्हणजे छत. बाकीचे रंगारी छत म्हटलं की काढता पाय घेतात. मान अवघडते, रंग डोळ्यांत ठिबकतो. उंट मात्र शिडीवर चढला की गुणगुणायला लागायचा. त्याने रंगवलेल्या छतावर ब्रशाची एक रेघ दिसायची नाही. मग मागच्या वर्षी त्याला ताप आला, तो कानात उतरला आणि जाताना चक्कर ठेवून गेला. उभं राहिलं की गरगर. डॉक्टर म्हणाले, कानातला तोल बिघडलाय, शिडी विसरा. तेव्हापासून तो पाटावर बसून दारांच्या चौकटी रंगवायचा. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमचा उंट जमिनीवर बसून हाकायला लागला. या विनोदावर तोही हसायचा. पण वहिनी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, हे घरात बोलतच नाहीत हो. नुसते वर छताकडे बघत पडून असतात. दुसरं काहीही गेलं असतं तर चाललं असतं. यांचं तेवढंच तर होतं."

म्हणून मी त्याला ओढून नेला.

आमच्या धंद्यातली एक पद्धत इथेच सांगून ठेवतो. शिडीवरचा माणूस कधी खाली बघत नाही. तोल जातोय असं वाटलं की तो हात लांब करतो आणि एवढंच म्हणतो, "धर." खालचा माणूस हातातलं असेल ते टाकून धरतो. रंगाचा भरलेला डबा असला तरी टाकतो. आणि वरचा "सोड" म्हणेपर्यंत सोडत नाही. का, कशाला, किती वेळ, असलं काही विचारायचं नाही. मी कामाला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मला ब्रश धरायला नाही, हे शिकवलं होतं.

तर सहल. मेहुण्याचं म्हणणं एकच, जिथे सगळे जातात तिथे आपण जायचं नाही. त्यामुळे समुद्र आम्ही बसच्या खिडकीतूनच बघितला. एका हॉटेलात गळ्यात जिवंत साप घेऊन कॉफी प्यायलो. मोडीत निघालेल्या विमानांच्या मैदानात जाऊन वैमानिकाच्या फाटक्या खुर्चीत बसलो. "घरी हेच सांगायचं का," मी म्हटलं, "की समुद्र ओलांडून भंगार बघून आलो?" उंट हसला. बऱ्याच दिवसांनी तो पोटातून हसला होता. त्या हसण्यासाठी मी आणखी चार साप गळ्यात घातले असते.

मग मेहुण्याने उलटं घर शोधून काढलं.

मोठ्या रस्त्याच्या कडेला, गाड्या धुण्याच्या दुकानाशेजारी ते घर उभं होतं. उभं म्हणजे डोक्यावर. उतरतं छप्पर जमिनीत रुतलेलं आणि पाया आकाशाकडे. आत शिरताना चपला बाहेर काढायच्या होत्या, कारण आत आपण चालणार ते छतावरून आणि छत पांढरंशुभ्र. दाराशी पाटी होती, चक्कर येणाऱ्यांनी जपून. मी उंटाकडे बघितलं. तो म्हणाला, "मला बाहेरही येतेच की. चल."

दुपारची वेळ होती आणि आत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. पायाखाली थंड, गुळगुळीत छत. दिवा जमिनीतून उगवल्यासारखा उभा. आणि डोक्यावर अख्खा संसार. फरशी, पलंग, टेबल, खुर्च्या, पायपुसणं, पलंगाखाली सरकवलेल्या सपाता. आम्ही रंगारी माणसं, आम्हाला भूल पडत नाही. खुर्च्या कुठे स्क्रूने आवळल्यात आणि चादर कुठे टाचलीय ते मी शोधत होतो. काम चोख होतं. मला एकही स्क्रू सापडला नाही.

वरच्या फरशीवर ओल्या फडक्याचा पट्टा दिसला. पलंगापासून टेबलापर्यंत कोणीतरी नुकतंच पुसून घेतलं होतं. कडेने पट्टा वाळत चालला होता. लांब दांड्याला फडकं बांधून पुसत असतील, असं मी मनाशी म्हटलं. पण दांड्याने पुसलं तर पट्टे सरळ येतात. हे अर्धगोल होते, बसून हाताने पुसल्यासारखे.

टेबलाची फळी उंटाच्या कपाळाशी येत होती. त्यावर एक कप होता, तोंड खाली करून लटकलेला. उंटाने गमतीने त्यात बोट घातलं.

"गरम आहे," तो म्हणाला.

"काय?"

"चहा आहे यात."

त्याने बोट मला दाखवलं. ते ओलं होतं. कपातून थेंबही पडत नव्हता. मेहुणा पुढच्या खोलीत फोटो काढत होता, त्याच्या फोनचा आवाज येत होता. दिव्याची धग असेल, चिकटवायचा डिंक सुटला असेल, असं काहीबाही मी बोललो. उंट वर बघत राहिला.

मग त्याचे गुडघे वाकले. डोळे फिरले, एक पाय पुढे गेला, एक मागे. मी त्याच्याकडे झेपावलो. पण त्याचं शरीर घोटाळलं असावं. डोक्यावर फरशी दिसत होती, पायाखाली छत. मग जमीन कुठली? त्याने सवयीने हात लांब केला तो खाली नाही, बाजूला नाही. सरळ वर.

"धर," तो म्हणाला.

मी डाव्या अंगाने त्याच्या कमरेला हात घातला. तो पडतच नव्हता. त्याचा उजवा हात वर ताठ होता, मूठ कशाभोवती तरी मिटलेली. बाही खांद्याकडे सरकली होती.

"थांबलं," तो म्हणाला.

"काय थांबलं?"

"गरगर." त्याने डोळे उघडले. ते भरून आले होते. "अरे, सगळं उभं राहिलं रे. किती महिन्यांनी. बरं धरलंस."

"मी तुझी कंबर धरलीय," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे. तो सरळ रेषेत चालत बाहेर गेला, वाकून चपला घातल्या आणि मेहुण्याला म्हणाला, "भूक लागलीय."

परतल्यावर पुढच्याच सोमवारी तो शिडीवर चढला. मी खाली शिडी धरून. वर गुणगुण सुरू झाली. मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिलो, कारण शिडी धरणाऱ्याने रडायचं नसतं. त्या संध्याकाळी वहिनींनी मला दारातच गाठलं. "तुम्ही नेलंत म्हणून हो," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, मी काही केलं नाही." आयुष्यात एवढं खरं मी क्वचितच बोललो असेन. घरी जाताना मी रस्त्यातच हात जोडले. कोणाला, ते माहीत नव्हतं. पण जोडल्यावाचून राहवेना.

पहिलं मोठं काम दातांच्या दवाखान्याचं होतं. संध्याकाळी उंटाने छताला शेवटचा हात दिला, मी कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. सकाळी उघडलं तर छतावर पावलं.

अनवाणी, लहान, बाईमाणसाची. ओल्या रंगात बोटं न् बोटं उमटलेली. उंटाची शिडी होती तिथून निघून ती दाराच्या चौकटीवर येऊन थांबली होती.

मी शिडी लावली, रोलर घेतला आणि उंट यायच्या आत ती पुसून टाकली.

पुढच्या कामावर पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मग मी बघायला लागलो. रस्त्याने जाताना उंट आता दुकानांच्या पत्र्याखालूनच चालायचा. ऊन नसलं तरी. मोकळं मैदान आलं की कडेने, झाडांखालून. "सवय लागली," एवढंच म्हणायचा. उजवा हात मधूनच खांद्याएवढा उचलला जायचा, गर्दीत आईचं बोट धरलेल्या पोराचा असतो तसा.

एका जिन्यात शिडी मोडली. खरोखरच मोडली, मधली पायरी काडकन गेली आणि उंट दोन मजल्यांच्या पोकळीवर. मी ओरडलोसुद्धा नाही, तेवढा वेळच नव्हता. तो पडला नाही. क्षणभर तिथेच राहिला आणि मग सावकाश खाली आला, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतात तसा. त्याच्या मनगटावर बोटांचे वळ होते. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या. टोकं कोपराकडे. खालून धरलं तर अशी उमटत नाहीत.

जिन्यातच बसून मी त्याला पाणी दिलं.

"तू 'सोड' म्हणाला नाहीस," मी म्हटलं.

त्याने बाही ओढून मनगटावरचे वळ झाकले. त्याला सगळं माहीत होतं, हे मला तेवढ्यावरून कळलं.

"म्हणू?" त्याने विचारलं. "म्हटलं आणि पुन्हा गरगरायला लागलं तर? पुन्हा पाटावर बसू? पुन्हा घरात तेच?" मग हळूच म्हणाला, "बरा हात आहे रे. उबदार आहे. कामाची सवय असलेला."

आत्ता तो हात नसता तर मी कोणाच्या घरी काय निरोप घेऊन गेलो असतो?

"राहू दे मग," मी म्हटलं.

तेव्हापासून ती पावलं मी रोलरने नाही पुसत. मऊ ब्रश घेतो, सावकाश पुसतो. पुसताना म्हणतो, बाई, फार उपकार आहेत तुमचे. आमचा माणूस परत दिलात. हे मी मनापासून म्हणतो. आजही म्हणेन.

पण हल्ली ठशांची टाच फार खोल उमटते. रस्सीखेचीत मागे रेलून उभ्या राहिलेल्या माणसाची उमटते तशी.

काल एका रिकाम्या बंगल्यात आम्ही भिंती घासून घेतल्या. दिवसभर पॉलिश पेपर चालला होता. पिठासारखी पांढरी धूळ सगळ्या फरशीवर बसली होती. डबे उघडायला आम्ही तिघं खिडकीशी गेलो आणि मी सहज मागे वळून बघितलं.

माझी पावलं होती, टाचेपासून बोटांपर्यंत. मेहुण्याची होती, फताडी.

उंटाची नुसती बोटं होती.

सगळ्या खोलीभर. कुठेही टाच नाही.

"टाच टेकवून चाल की," मी म्हटलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"टेकवलीय की," तो हसत म्हणाला. "उलट हल्ली पाय दुखतच नाहीत बघ."

तो डबा उघडत खिडकीशी उभा होता, अगदी सरळ, समाधानी. मी पायांवरची धूळ झटकायच्या निमित्ताने खाली वाकलो. त्याच्या टाचांखालून मला पलीकडची उन्हाची पट्टी दिसत होती.